घरबसल्या इंग्रजी : ‘एक्स्प्लेन मी’ का म्हणू नये?



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतून एक शब्द पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो आहे. एक भगिनी लिहितात, ‘‘मुलीच्या बाईंना चिठ्ठी लिहिताना ‘प्लीज एक्स्प्लेन मी’ असं लिहिलं. मुलगीच म्हणाली, ‘आई, हे चूक आहे.’ मग बरोबर काय, ते तिलाही सांगता येईना.’’ दुसऱ्या भगिनींचा प्रश्न परीक्षेचा आहे : ‘‘‘डिफाइन’, ‘डिस्क्राइब’ आणि ‘एक्स्प्लेन’ या तिन्हींचा अर्थ ‘सांगा’ असाच ना? मग मुलाने एवढं पानभर लिहूनही मार्क का कापले?’’ तिसरं पत्र वाचून मात्र मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ‘‘नवऱ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायची होती. डॉक्टर भराभर इंग्रजीतून बोलत होते. मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या होत्या. पण वाक्य काही केल्या जुळेना. चारचौघांत हसं नको म्हणून गप्प बसले आणि सही करून टाकली.’’

तीन पत्रं, तीन अडचणी, पण शब्द एकच. ‘एक्स्प्लेन.’ तेव्हा आज फक्त याच एका शब्दाशी जरा निवांत ओळख करून घेऊ. भाजी निवडता निवडता वाचलंत तरी चालेल.

शब्दाचं माहेर

कुठल्याही सुनेची खरी ओळख तिच्या माहेरी गेल्यावर होते, तसंच शब्दांचंही असतं. ‘एक्स्प्लेन’चं माहेर लॅटिन भाषेत. तिथे ‘प्लानुस’ म्हणजे सपाट, समतल. त्यावरून ‘एक्सप्लानारे’ म्हणजे सपाट करणं, उंचवटे काढून टाकून गुळगुळीत करणं. ‘प्लेन साडी’, ‘प्लेन कागद’ यातला ‘प्लेन’ याच घरचा. सुताराच्या रंध्याला इंग्रजीत ‘प्लेन’ म्हणतात, तोही याच घरचा. स्पेलिंग वेगळं, पण गोत्र एकच.

रंधा कसा चालतो ते तुम्ही पाहिलं आहेच. खडबडीत फळीवरून तो फिरतो, ढलप्या निघतात आणि हाताला टोचणारं लाकूड गुळगुळीत होतं. ‘एक्स्प्लेन’ करणं म्हणजे तेच. समोरचा विषय खडबडीत आहे, मनाला टोचतो आहे, त्याच्यावर रंधा फिरवायचा.

या माहेरच्या गोष्टीतून स्पेलिंगचं एक कोडंही सुटतं. ‘एक्स्प्लेन’मध्ये ‘एल’नंतर ‘ए-आय-एन’ येतं, पण ‘एक्स्प्लनेशन’ लिहिताना मधला ‘आय’ नाहीसा होतो. मुलं इथे हमखास चुकतात. कारण असं, की मूळ लॅटिन शब्दात हा ‘आय’ नव्हताच. इंग्रजीत आल्यावर ‘साधं, सपाट’ या अर्थाच्या ‘प्लेन’ शब्दाच्या शेजाराने क्रियापदाचं स्पेलिंग बदललं. ‘एक्स्प्लनेशन’ने मात्र माहेरचं वळण सोडलं नाही. मुलांना इतकंच सांगा : क्रियापद सासरी रुळलं, नाम माहेरचंच राहिलं. पुन्हा चुकणार नाहीत.

रंधा लाकडावर, माणसावर नव्हे

आता पहिल्या पत्राकडे वळू. आपण मराठीत म्हणतो, ‘मला सांग’, ‘मला दे’, ‘मला दाखव’, ‘मला समजावून सांग’. चारही वाक्यांत ‘मला’ जसाच्या तसा. इंग्रजीत पहिल्या तिघांना ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’, ‘शो मी’ चालतं. म्हणून आपण चौथ्यालाही त्याच पंगतीत बसवतो आणि ‘एक्स्प्लेन मी’ म्हणून मोकळ्या होतो. आणि इथेच गाडी अडते.

रंधा आठवा. रंधा कशावर फिरवायचा? लाकडावर. ‘एक्स्प्लेन’च्या लगेच पुढे जे येईल, त्याच्यावर रंधा फिरणार. ‘एक्स्प्लेन द सम’ म्हणजे गणितावर रंधा फिरवा. ‘एक्स्प्लेन मी’ म्हणजे? माझ्यावर रंधा फिरवा! म्हणजे मीच कुणी न सुटणारं कोडं आहे, माझा उलगडा करा. कधी कधी घरातल्यांना आपल्याबद्दल असं वाटत असेलही, पण शाळेतल्या बाईंना सांगायला नको!

म्हणून नियम सोपा : आधी विषय, मग ‘टू’, मग माणूस.

‘प्लीज एक्स्प्लेन धिस सम टू माय डॉटर.’
‘प्लीज एक्स्प्लेन इट टू मी.’

विषय लांबलचक असेल, वाक्यच्या वाक्य असेल, तर माणूस आधी आणला तरी चालतो. पण त्याच्यामागचा ‘टू’ सोडायचा नाही. ‘प्लीज एक्स्प्लेन टू मी हाऊ धिस फॉर्म इज फिल्ड.’ हे बरोबर.

‘टेल’, ‘गिव्ह’, ‘शो’, ‘टीच’ यांना ‘टू’ का लागत नाही, असं माझी एक विद्यार्थिनी विचारते. चांगला प्रश्न आहे. हे शब्द इंग्रजीच्या घरातले अगदी जुने, घरचेच. त्यांना माणसाशी सलगी करायची सवय आहे. ‘एक्स्प्लेन’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’ हे लॅटिनच्या वळणाचे, मागाहून आलेले. त्यातले बरेचसे पाहुण्यासारखे अंतर राखून वागतात, मध्ये ‘टू’चा आडपडदा लागतो. याला अपवाद आहेत. ‘से’ हा घरचा असूनही ‘टू’ मागतो आणि ‘ऑफर’ला ‘टू’वाचूनही चालतं. पण रोजच्या वापरापुरती ही खूण पुष्कळ उपयोगी पडते. ‘सजेस्ट मी अ गुड डेंटिस्ट’ हेही त्याच कारणाने चूक.

आणखी तीन छोट्या गोष्टी लगोलग सांगून टाकते.

पहिली : ‘एक्स्प्लेन’नंतर ‘अबाउट’ नको. आपण ‘योजनेबद्दल सांगा’ म्हणतो, म्हणून ‘एक्स्प्लेन अबाउट द स्कीम’ तोंडात येतं. नुसतं ‘एक्स्प्लेन द स्कीम’ म्हणा. ‘टॉक’ला ‘अबाउट’ लागतं, ‘एक्स्प्लेन’ला नाही.

दुसरी : पोटात प्रश्न असला, तरी प्रश्नाची उलटापालट नको. ‘व्हाय इज ही लेट?’ हा सुटा प्रश्न. पण ‘एक्स्प्लेन’च्या मागे तो आला, की सरळ होतो : ‘एक्स्प्लेन व्हाय ही इज लेट.’ तसंच ‘एक्स्प्लेन टू मी व्हॉट द प्रॉब्लेम इज’. ‘व्हॉट इज द प्रॉब्लेम’ नव्हे.

तिसरी : ‘मला समजावून सांगण्यात आलं’ याचं इंग्रजी ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड’ असं करू नका. पुन्हा रंधा तुमच्यावर! ‘इट वॉज एक्स्प्लेन्ड टू मी’ म्हणा. कचेऱ्यांतल्या अर्जांत ही चूक भल्याभल्यांकडून होते, तेव्हा तुम्ही बरोबर लिहिलंत तर उठून दिसेल.

आपल्या ‘समजावणं’ची गंमत

आता जरा आपल्या मराठीकडे येऊ, कारण खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे ‘समजावणे’ असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण आपलं ‘समजावणं’ फार मोठ्या पोटाचं आहे.

‘बाईंनी गणित समजावून सांगितलं.’ इथे ‘एक्स्प्लेन’ बरोबर.

‘तो नोकरी सोडायला निघाला आहे, त्याला जरा समजाव.’ इथे काय स्पष्ट करायचं आहे? काहीच नाही. त्याचं मन वळवायचं आहे. इंग्रजीत हे ‘पर्स्वेड’.

‘छोटी रडत होती, तिची समजूत घातली.’ इथे तर ना गणित, ना मन वळवणं. नुसतं पाठीवरून हात फिरवणं. इंग्रजीत ‘कम्फर्ट’ किंवा ‘कन्सोल’.

म्हणून ‘मी त्यांना खूप समजावलं, पण त्यांनी ऐकलं नाही’ याचं भाषांतर ‘आय एक्स्प्लेन्ड देम अ लॉट’ असं होत नाही. ‘आय ट्राइड हार्ड टू पर्स्वेड देम, बट दे डिड नॉट लिसन’ असं होतं.

आणि हा फरक नुसता इंग्रजीचा नाही, बरं का. घरात कुणी म्हणतं, ‘‘सूनबाईला जरा समजावून सांगा.’’ त्या वेळी बहुतेकदा सूनबाईला सगळं समजलेलंच असतं! तिला ते पटलेलं नसतं, एवढंच. न समजणं आणि न पटणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. समजलेलं नसेल त्याला समजावून सांगावं, पटलेलं नसेल त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं. इंग्रजीत हे दोन शब्द वेगवेगळे आहेत, म्हणून ती भाषा शिकताना आपल्या लक्षात येतं, की आपण कितीदा एकाच्या नावावर दुसरंच खपवतो. मुलांच्या बाबतीतही तसंच. ‘मी सांगते म्हणून!’ हा हुकूम झाला, एक्स्प्लनेशन नव्हे. कधी हुकूमही लागतोच, नाही असं नाही. पण त्याला समजावणं म्हणू नये.

डिफाइन, डिस्क्राइब, एक्स्प्लेन

आता दुसऱ्या पत्रातली परीक्षा. आपल्या मराठी प्रश्नपत्रिकांत ‘व्याख्या लिहा’, ‘वर्णन करा’ आणि ‘स्पष्ट करा’ असे तीन निराळे प्रश्न असतात, तेच हे तिघे. मुलांना स्वयंपाकघरात नेऊन प्रेशर कुकरसमोर उभं करा, म्हणजे दहा मिनिटांत कळेल.

‘डिफाइन’ म्हणजे कुकर कशाला म्हणतात ते एका वाक्यात सांगा. ‘वाफ कोंडून वाढलेल्या दाबाखाली अन्न शिजवण्याचं घट्ट झाकणाचं भांडं.’ संपलं. पाल्हाळ नको.

‘डिस्क्राइब’ म्हणजे तो दिसतो कसा, त्याला काय काय असतं ते सांगा. भांडं, झाकण, रबरी रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह. न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं पाहिजे.

‘एक्स्प्लेन’ म्हणजे का आणि कसं ते सांगा. वाफ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. दाब वाढला, की पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही. कुकरात ते साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. जास्त तापलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते. म्हणून उघड्या पातेल्यापेक्षा कुकरात वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात.

त्या भगिनींच्या मुलाने बहुधा ‘एक्स्प्लेन’ला ‘डिस्क्राइब’चं उत्तर लिहिलं असावं. पानभर लिहिलं, पण त्यात ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्दच नसतील, तर मार्क कसे मिळणार? मुलांना एक सोपी कसोटी द्या : ‘एक्स्प्लेन’चं उत्तर लिहून झालं, की त्यात ‘बिकॉज’ किंवा ‘देअरफोर’ कुठे बसतो ते पाहा. कुठेच बसत नसेल, तर उत्तर अपुरं आहे.

शब्दाची भावंडं

‘एक्स्प्लेन’ला इंग्रजीत भावंडं पुष्कळ. सगळी पाठ करायची गरज नाही, पण त्यांच्या पोटातली चित्रं पाहण्यासारखी आहेत.

‘क्लॅरिफाय’ म्हणजे निवळ करणं. तुपाला इंग्रजीत ‘क्लॅरिफाइड बटर’ म्हणतात, हे डब्यावर वाचलंच असेल. लोणी कढवलं, की बेरी खाली बसते आणि वर निवळ तूप राहतं. बोलण्यातला गढूळपणा खाली बसवणं म्हणजे ‘क्लॅरिफाय’ करणं. आधी काही सांगितलं आहे, त्यात घोटाळा झाला आहे, अशा वेळी हा शब्द वापरा.

‘एक्स्प्लिकेट’ हा जरा भारदस्त, पुस्तकी शब्द. त्याच्या मुळात घडी आहे. घडी मोडून पसरून दाखवणं. आपला ‘उलगडणं’ अगदी हुबेहूब तोच! पैठणी घडीत असते तोवर पदराचे मोर दिसत नाहीत. ती उलगडावी लागते.

‘इल्युसिडेट’मध्ये प्रकाश आहे. आपण ‘या मुद्द्यावर प्रकाश टाका’ म्हणतो ना, तसं.

आणि ‘अकाउंट फॉर’मध्ये हिशेब आहे. महिन्याच्या शेवटी शंभराची नोट कुठे गेली, याचा मेळ बसवणं म्हणजे ‘अकाउंट फॉर’.

दोन वाक्प्रचारही लक्षात ठेवा. एखाद्या गोष्टीचा अचानक उलगडा झाला, की आपण ‘तरीच म्हटलं!’ म्हणतो. दूध का नासलं, तर भांडं नीट घासलेलं नव्हतं. तरीच! इंग्रजीत तिथे ‘दॅट एक्स्प्लेन्स इट!’ म्हणतात. दुसरा ‘एक्स्प्लेन अवे’. एवढा ‘अवे’ जोडला, की सरळ शब्द वाकडा होतो. चूक झाकण्यासाठी दिलेली कारणं म्हणजे ‘एक्स्प्लेन अवे’ करणं. आपली सारवासारव! खड्डा बुजवायचा नाही, वरून शेणाचा हात फिरवायचा. रंध्याने सपाट करणं वेगळं आणि सारवून सपाट दिसवणं वेगळं.

विचारणं हा आपला हक्क

आता तिसरं पत्र. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे प्रश्न व्याकरणाचा नाहीच. त्या भगिनींना वाक्य जुळलं नाही म्हणून त्या गप्प राहिल्या. पण कागदावर सही त्यांची आहे.

अशा वेळी समोरच्याने समजावून सांगणं हा उपकार नसतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला, तो प्रत्येकीने लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी आपल्या आजाराच्या तपासणीपुरती संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालयाने सांगितलं, की जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही. शिवाय संमती घेण्यापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती दिली पाहिजे : उपचार कोणता, कशासाठी, त्याचे फायदे काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय आहेत का आणि उपचार घेतला नाही तर काय होईल.

म्हणजे आपण विचारायच्या प्रश्नांची यादीच झाली की ही! दवाखान्यात जाताना पर्समधल्या वहीत लिहून न्या. आणि त्यासाठी इंग्रजी वाक्यं हवीत, तर ही चार पाठ करून ठेवा :

‘डॉक्टर, प्लीज एक्स्प्लेन धिस रिपोर्ट टू मी.’
‘प्लीज एक्स्प्लेन द रिस्क्स टू अस बिफोर वुई साइन.’
‘प्लीज एक्स्प्लेन व्हाय धिस ऑपरेशन इज नीडेड.’
‘कुड यू प्लीज एक्स्प्लेन इट टू मी इन मराठी?’

चौथं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. त्यात कमीपणा काही नाही. ज्या भाषेत आपण विचार करतो, त्या भाषेत ऐकलेलंच नीट समजतं.

बँकेतही तसंच. कुणाच्या कर्जाला जामीन राहा म्हणून कागद पुढे येतो, ‘इथे, इथे आणि इथे’ अशा फुल्या मारलेल्या असतात. पेन हातात घेण्यापूर्वी एवढंच म्हणा : ‘प्लीज एक्स्प्लेन धिस क्लॉज टू मी.’ कर्जदाराने हप्ते थकवले, तर जामिनाकडून वसुली होऊ शकते. तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कुणी कपाळाला आठ्या घातल्या, तर घालू देत. सही झाल्यावर विचारण्यापेक्षा ते बरं.

आणि समजा घाईत ‘टू’ राहिला, ‘एक्स्प्लेन मी’च तोंडातून गेलं, तर? तर जाऊ दे! डॉक्टरांना अर्थ कळणारच आहे. व्याकरण शिकायचं ते बोलता यावं म्हणून, तोंड मिटावं म्हणून नव्हे. ‘टू’ विसरण्याने कुणाचं नुकसान होत नाही, न विचारण्याने होतं.

उजळणी

खालची वाक्यं सुधारा. उत्तरं शेवटी दिली आहेत, पण आधी स्वतः करून पाहा. मुलांनाही सोबत घ्या.

१. एक्स्प्लेन मी धिस वर्ड.
२. शी एक्स्प्लेन्ड अबाउट द न्यू रूल्स.
३. प्लीज एक्स्प्लेन व्हाय इज द बिल सो हाय.
४. आय वॉज एक्स्प्लेन्ड द फॉर्म बाय द क्लार्क.
५. आय एक्स्प्लेन्ड माय सन टू टेक द मेडिसिन, अँड ही टुक इट.

उत्तरं : १. एक्स्प्लेन धिस वर्ड टू मी. २. शी एक्स्प्लेन्ड द न्यू रूल्स. ३. प्लीज एक्स्प्लेन व्हाय द बिल इज सो हाय. ४. द क्लार्क एक्स्प्लेन्ड द फॉर्म टू मी. ५. आय पर्स्वेडेड माय सन टू टेक द मेडिसिन. (इथे मन वळवलं, म्हणून शब्दच बदलला. ‘अँड ही टुक इट’ हे ‘पर्स्वेड’मध्ये आलंच, ते गाळलं तरी चालेल.)

पाचवं वाक्य बरोबर आलं असेल, तर आजचा धडा पक्का झाला म्हणायचा. पुढच्या आठवड्यात ‘एक्स्प्लेन’चं धाकटं भावंड ‘सजेस्ट’ भेटीला येईल. सुचवणं आणि सल्ला देणं यांत फरक काय, यावर तोवर घरात चर्चा होऊ द्या. पत्रं पाठवत राहा. मात्र पत्रात ‘प्लीज एक्स्प्लेन’च्या पुढे काय लिहायचं, ते आता मला सांगायला लावू नका हं!